माळाचा सातबारा

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात तरटीच्या झाडाला पूजेचा मान आहे. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेने बिदरच्या बादशहाच्या हाती पडण्याऐवजी विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडला, तिचा देह देवळाच्या आवारात पुरला आणि तिथे हे झाड उगवलं, अशी आख्यायिका आहे. भाविक त्या झाडात कान्होपात्रा पाहतात. वनस्पती ओळखणाऱ्याला त्यात आणखी काही दिसतं. तरटी हे दाट सावलीच्या रानातलं झाड नाही. काटेरी, चिवट, कमी पावसाच्या उघड्या माळावर ऊन खात उभं राहणारं ते झाड. संत स्त्रीची आठवण सांगायला लोकांना वड-पिंपळ न सुचता तरटी सुचली, याचा अर्थ भीमेच्या काठी तेव्हा आजूबाजूला काय उगवत होतं याची ती कथा नकळत साक्ष देते.

अशा साक्षी गोळा करण्याचं काम दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर या संशोधकांनी केलं. पश्चिम महाराष्ट्रातली जुनी चरित्रं, स्थळकथा, धनगरांच्या ओव्या यांत कुठली झाडं येतात, हे त्यांनी तपासलं आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं. तेराव्या शतकापासूनच्या या वाङ्मयात सापडलेल्या रानवनस्पतींत उघड्या, गवताळ मुलखाची ओळख सांगणाऱ्यांचं प्रमाण मोठं निघालं. तरवड, हिवर, खैर, बोर ही ती मंडळी.

हा शोध वाङ्मयाच्या अभ्यासकांपुरता राहत नाही, कारण त्याने एका जुन्या समजुतीला धक्का बसतो. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, सातारा, सांगली या जिल्ह्यांच्या पूर्व भागातले माळ म्हणजे कुणीतरी तोडून टाकलेलं जंगल, असं शाळेपासून मंत्रालयापर्यंत धरून चालण्याची रीत आहे. एकदा तसं धरलं की पुढचा उपायही ठरूनच येतो: झाडं लावा. गेल्या दोनशे वर्षांत माळाच्या नावावर ज्या नोंदी झाल्या, त्यांतल्या बहुतेक या समजुतीतून झाल्या आहेत.

खरं तर माळ फार जुना आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, खाली मुरमाड, उथळ जमीन, त्याखाली बेसॉल्टचा कातळ. अशा जागी मोठं झाड तग धरायला कष्ट पडतात, गवताला पडत नाहीत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून सुमारे दीड दशक तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. हे लोक जव पिकवत, गुरं पाळत आणि शिकारही करत. त्यांच्या उकिरड्यात काळविटाची हाडं मिळाली. काळवीट हा मोकळ्या मैदानात पळणारा प्राणी, तो घनदाट जंगलात राहत नाही. उत्खनन करणाऱ्या म. के. ढवळीकरांचं म्हणणं असं की, पुढे हवामान कोरडं झालं तसे इथले लोक शेतीकडून शेळ्या-मेंढ्यांकडे अधिकाधिक वळत गेले. म्हणजे माळ आणि मेंढरू यांची सोयरीक तीन हजार वर्षांची तरी भरते.

*

मराठी राज्यकर्त्यांना गवताची किंमत नेमकी ठाऊक होती, कारण त्यांचं राज्य घोड्यावर चालत होतं. भीमा आणि नीरा या नद्यांच्या थडीला वाढलेलं भीमथडी तट्टू दिसायला लहान, पण काटक. थोड्या चाऱ्यावर लांबच्या मजला मारणारं. हे घोडं माळाच्याच गवतावर पोसलं गेलं. त्यासाठी गवत राखून ठेवावं लागे आणि अशा राखीव गवताळ रानाला शब्द होता कुरण. कुरणात पावसाळ्यात जनावर घालायचं नाही, गवत पिकलं की कापून गंजी रचायच्या, आणि त्या सरकारी पागेला किंवा गावच्या गुरांना उन्हाळाभर पुरवायच्या. चराईवर वनचराई नावाचा कर असे. परमुलखात गेलेलं मराठी लष्कर जी वसुली करी तिचं नावच घासदाणा होतं.

चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या आपल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, ही त्यातली ताकीद सर्वांना माहीत असते. पण त्या पत्राचा बराचसा भाग चाऱ्याच्या हिशेबाबद्दल आहे. साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच बेहिशेबी उधळलं तर ऐन पावसाळ्यात घोडी मरतील. रात्री जळता दिवा ठेवला, चुलीतला विस्तव उडाला किंवा चिलमीची ठिणगी पडली तर गवताच्या गंजी पेटतील आणि पुन्हा काडी मिळणार नाही, अशी बारीकसारीक जाणीव त्यात आहे. एका छत्रपतीने वाळक्या गवताची इतकी काळजी करावी, यावरून त्या काळात त्याचं मोल काय होतं ते कळतं.

माळाचा दुसरा जाणकार होता धनगर. पावसाळाभर कळप कोरड्या माळांवर, कारण चिखल आणि मुसळधार पाऊस दख्खनी मेंढीला मानवत नाही. दिवाळीच्या सुमाराला त्यांचे वाडे, म्हणजे फिरते तळ, हलत, बरेचसे घाट उतरून कोकणात भाताच्या कापलेल्या खाचरांत जात आणि पहिल्या वळवाआधी परत वर येत. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत. रात्रभराच्या लेंड्या-मुताचं खत मिळे. त्याबदल्यात धनगराला धान्य किंवा रोख. टपलेल्या लांडग्यापासून कळप राखायला वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावायची, बिऱ्हाड तट्टावर लादायचं, आणि एका माळावर फार दिवस टेकायचं नाही. बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा या देवांच्या कथा गोळा करत जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर या वाटांवरून वर्षानुवर्षं हिंडले. या देवांची ठाणी आणि मेंढपाळांच्या वाटा एकमेकांत कशा गुंतल्या आहेत, हे त्यांच्या लेखनातून दिसतं.

*

पेशवाई बुडाली आणि माळाच्या कागदावरची भाषा बदलली. कंपनी सरकारला जमिनीवर ठरावीक रोख सारा हवा होता. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ पासून नव्याने मोजणी सुरू केली. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, जमिनीचा मगदूर पाहून प्रत, आणि तीस वर्षांसाठी बांधून दिलेला सारा, अशी ती पद्धत. दर उतरवल्यामुळे शेतकऱ्यांना दिलासा मिळाला आणि नांगराखालची जमीन भराभर वाढली. पुढे मुंबई इलाख्यात हीच पद्धत पसरली.

पण या नव्या वहीत नांगर लागलेल्या जमिनीचीच शान होती. ज्यातून पीक निघत नाही ती पडीक. शेतातला खडकाळ कोपरा तो पोटखराब. गवत हे पीक नव्हतं, म्हणून गवताची जमीन आपोआप ओसाड ठरली. महसुलाच्या कारकुनाने लिहिलेला पडीक हा शब्द सोयीपुरता होता, पण शब्द कागदावर रुळला की त्याला वस्तुस्थितीचं वजन येतं.

१८७८ च्या वन कायद्याने दुसरी नोंद घातली. आता डोंगर, पडीक रान, कुरणं यांचा बराच भाग राखीव जंगलात गेला. दख्खनमध्ये त्यातल्या कित्येक तुकड्यांवर मोठं झाड औषधालाही नव्हतं; पण खातं जंगलाचं झालं, नियम जंगलाचे झाले आणि चरणारं जनावर गुन्हेगार ठरलं. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात जंगल खात्यावर कोरडे ओढले आहेत. डोंगर-दऱ्यांतली रानं आणि गावची गायरानं खात्याने घशात घातली, त्यामुळे गरिबाला शेरडू-करडू पाळणंही कठीण झालं, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पाहिलेलं नुकसान झाडांचं नव्हतं, चाऱ्याचं होतं.

गवताचा हा राग साठत गेला. १९३० मध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह चालू होता, पण मीठ पिकतं समुद्राकाठी. विदर्भाने काय करायचं? लोकनायक बापूजी अणे यांनी जुलै १९३० मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळ राखीव जंगलात शिरून गवत कापलं आणि अटक करून घेतली. जंगल सत्याग्रह म्हणून ही लाट संगमनेर, बिळाशी, चिरनेरपर्यंत गेली. सप्टेंबरात चिरनेरला गोळीबार होऊन माणसं मेली. इंग्रज साम्राज्याला आव्हान देण्यासाठी विळा आणि गवताची पेंढी पुरेशी ठरते, हे त्या वर्षी महाराष्ट्राने पाहिलं.

*

स्वातंत्र्यानंतर एका मराठी नावाने माळाला शास्त्राच्या पुस्तकात मानाची जागा दिली. पां. म. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांचं भारतातल्या गवतांच्या आवरणावरचं इंग्रजी पुस्तक १९७३ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढलं. देशातल्या गवताळ प्रदेशांचे त्यांनी पाच गट पाडले. त्यांतला द्वीपकल्पाचा गट शेडा-पवन्या आणि मारवेल यांच्या प्रजातींच्या नावाने ओळखला जातो. त्याचा संभाव्य पसारा सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचे माळ यात येतात.

त्या अभ्यासातून आणि नंतरच्या निरीक्षणांतून एक उतरंड समोर आली. चांगल्या माळावर शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी अशी बहुवर्षायू गवतं असतात. त्यांचे ठोंब वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि मुळं माती घट्ट धरतात. अति चराई झाली की गुरांना आवडणारी ही गवतं आधी जातात आणि कुसळी बळावते. त्याहून जास्त ओरबाडलं तर वर्षभरात उगवून मरणारी, चाऱ्याच्या दृष्टीने निकस गवतं उरतात आणि शेवटी उघडा मुरूम. ही उतरंड खालून वरही चढता येते. पुनरुज्जीवन म्हणजे तीच चढण.

पण पुस्तक निघालं तेव्हा महाराष्ट्र १९७२ च्या दुष्काळातून जात होता. हाताला काम हवं होतं. रोजगार हमीवर खडी फुटली, नालाबांध झाले, चर खणले गेले, रोपं लागली. १९८२ मध्ये सामाजिक वनीकरणाचं वेगळं खातं आलं. १९८५ मध्ये केंद्राने पडीक जमीन विकास मंडळ नेमून वर्षाला ५० लाख हेक्टरवर झाडं लावण्याचं उद्दिष्ट ठेवलं. माळावर गिरिपुष्प आलं, सुबाभूळ आलं, वेडी बाभूळ आली. गिरिपुष्प पाण्यावाचून जगतं आणि शेळ्या-मेंढ्या त्याच्या वाटेला फारशा जात नाहीत, म्हणून ते लावणाऱ्याला सोयीचं. पण त्याच्या दाट सावलीत गवत धरत नाही. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने दर पावसाळ्यात वृक्षलागवडीचे आकडे वाढवत नेले: २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी, ३३ कोटी. एवढ्या खड्ड्यांना जागा कुठून आणायची, या प्रश्नाचं सोपं उत्तर पुन्हा माळच होतं. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही झुडपी माळ पडीकच दाखवलेला होता.

या काळात एक गोष्ट मात्र उलटी घडली, आणि ती सोलापूरजवळ. नान्नजच्या माळांवर माळढोक असल्याचं १९७० च्या दशकात पक्षिनिरीक्षकांच्या नजरेला आलं. दुष्काळी कामांतून वन विभागाने तिथले काही तुकडे चराईपासून राखले होते. राखलेल्या तुकड्यांत गवत उभं राहिलं, गवतात टोळ-नाकतोडे आले आणि त्यांच्यामागे हा मीटरभर उंचीचा पक्षी. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शहरं, बागायती सगळं आलं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, माळढोक म्हटलं की शेतकरी भडकू लागला. बऱ्याच वर्षांच्या वादानंतर हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर भोवतीच्या माळांवर ऊस, द्राक्षं आणि विजेच्या तारा पोचल्या होत्या. आज नान्नजला माळढोक दिसणं ही बातमी होते. गवत राखण्याचा उपाय बरोबर होता, पण कागदावर ओढलेली रेघ माणसांना विचारून ओढलेली नव्हती.

विचारून ओढलेल्या रेघेचं उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. हिवरे बाजारने १९९० च्या दशकात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावसभेत ठरवली. गुरं डोंगरावर मोकळी सोडायची नाहीत. ज्याला चारा हवा त्याने विळ्याने कापून डोक्यावरून न्यायचा. ठोंबाला पाऊसभर उसंत मिळाली, माती थांबली, चारा वाढला, त्यावर दुधाचा धंदा उभा राहिला. आदर्श गावाच्या पंचसूत्रीतली चराईबंदी पुढे अनेक गावांनी घेतली. गावातल्या गोठ्याला ती लाभली. गावाबाहेरून येणाऱ्या मेंढरांच्या कळपाला मात्र प्रत्येक नवी बंदी म्हणजे वाटेवरचं आणखी एक बंद फाटक.

*

उजाड माळावर गवत परत आणायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? आधी काय करायचं नाही, ते ठरवावं लागतं. ज्या माळावर अजून ठोंब जिवंत आहेत तिथे यंत्राने चर खणणं म्हणजे वर्षानुवर्षांची मुळं उपटणं. गिरिपुष्प किंवा वेडी बाभूळ माजली असेल तर ती मुळासकट काढावी लागते, नाहीतर बुडख्यातून चौपट फुटते. मग बियाणं. बाजारात मिळतं ते बहुधा स्टायलो किंवा दीनानाथ गवताचं. स्टायलो परदेशी, आणि दोन्ही भराभर वाढणारी. स्थानिक गवताचं बी दसरा-दिवाळीच्या दिवसांत चांगल्या माळावरून हाताने ओरबाडून गोळा करावं लागतं. ते इतकं हलकं आणि फोलपटी असतं की वाऱ्याबरोबर जातं, म्हणून माती आणि शेण कालवून त्याच्या गोळ्या वळतात आणि पावसाच्या तोंडावर टाकतात. मारवेलचे ठोंब फोडून पहिल्या पावसात लावता येतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलच्या निवडक जातीही काढल्या आहेत.

नंतर निगा. दोन-तीन पावसाळे तिथे जनावर जाऊ द्यायचं नाही, बी पडल्यावरच कापणी करायची आणि उन्हाळ्यात वणवा अडवायला जाळरेषा काढायच्या. पैसा कमी लागतो, धीर जास्त. छायाचित्रात दाखवायला तर जवळजवळ काहीच नसतं. रोप हातात धरलेल्या पाहुण्याचा फोटो निघतो, गवताच्या बीसमोर कोण उभं राहणार?

गंमत म्हणजे ज्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड-विंगेटनी माळाला क्रमांक घातले, तिथेच आता त्याची नवी नोंद होते आहे. इंदापूरमधलं कडबनवाडी आणि शेजारच्या बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ इथे वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक पाहायला पुण्या-मुंबईची माणसं तिकीट काढून येतात. भीमथडी घोड्यालाही अलीकडे स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. पागा गेल्यावर ही जात टिकली ती बिऱ्हाड वाहणाऱ्या धनगरांमुळे.

आणि नेमका तिथेच नवा पेच आहे. पुनरुज्जीवनाची बंदी असते पावसाळ्यात, कारण गवत वाढतं तेव्हा. धनगराला माळ हवा असतो तोही पावसाळ्यातच, कारण त्या दिवसांत मेंढरांनी दुसरीकडे जायचं कुठे? सगळा माळ एकदम बंद केला तर कळप बांधावर, रस्त्याकडेला येतात आणि भांडणं होतात. म्हणून माळाचे तुकडे करून एक राखायचा, दुसरा चरायला द्यायचा आणि दोन-तीन वर्षांनी पाळी बदलायची, हा मार्ग सुचवला जातो. कुरणाची जुनी रीत आणि एका जागी फार न टेकणारा वाडा, या दोन्ही गोष्टी त्यात येतात. ते जमवायला महसूल खातं, वन खातं, ग्रामपंचायत आणि वाड्यावरचा कारभारी यांना एका चटईवर बसावं लागेल.

तोवर माळ आपलं वेळापत्रक पाळतो. ऑक्टोबर उलटला की कुसळीची कुसळं कडक होतात, लोकरीत शिरून मेंढीचं कातडं टोचतात, आणि वाडे हलू लागतात. मागे राहिलेलं कुसळ जमिनीवर पडतं. रात्री दव पडलं की त्याची पिळलेली शेपटी उलगडते, दिवसा उन्हाने पुन्हा पिळली जाते आणि टोकाशी असलेलं बी मुरमात फिरकीसारखं दर दिवशी थोडं थोडं खाली जात राहतं.